पाणी, पाखरे आणि अंतर

(संस्थेच्या बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलीकडे तीन महिने राहून आम्ही उभयता अमेरिकेहून परतलो, तेव्हा संस्थेच्या चिटणिसांनी आज्ञा केली की, तिकडे काय पाहिले ते विद्यार्थ्यांना सांगा. आम्ही विचारात पडलो. उंच इमारती, रुंद रस्ते, मोठमोठी दुकाने ही सर्व आता आपल्या मुलांना टीव्हीवर घरबसल्या दिसतात. त्यासाठी आम्हां म्हाताऱ्यांच्या भाषणाची गरज नाही. म्हणून आम्ही ठरवले की, एकाच सकाळीविषयी बोलावे. त्या सकाळी आम्ही एका तळ्यात होडीतून फिरलो आणि पाणपक्षी पाहिले. विषय लहान वाटेल. पण त्या सकाळने आमच्या मनात जे ढवळून काढले ते लहान नव्हते.

त्या तळ्याचे नाव कॅडो. अमेरिकेतील टेक्सास आणि लुइझियाना या दोन राज्यांच्या सीमेवर ते पसरलेले आहे. डॅलस शहरापासून मोटारीने साधारण तीन तासांच्या अंतरावर. क्षेत्रफळ सुमारे २५ हजार एकर. परंतु तळे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा मोकळा जलाशय तो नव्हे. पाण्यातच जंगल उभे आहे. ही झाडे सायप्रसची, आपल्याकडील बागांत दिसणाऱ्या सरूच्या कुळातली. मात्र हिवाळ्यात या झाडाची सारी पाने झडतात, म्हणून तिकडचे लोक त्याला टक्कल पडलेला सायप्रस म्हणतात. आम्ही एप्रिलमध्ये गेलो तेव्हा कोवळी हिरवी पालवी फुटली होती. बुंधा पाण्याशी घागरीसारखा फुगलेला, आणि भोवती मुळांचे गुडघे पाण्यातून वर आलेले. फांद्यांवरून राखी रंगाच्या जटा लोंबत असतात. त्याला तिकडे स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे; अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. ती झाडाचे रक्त पीत नाही, फक्त आधार घेते आणि हवेतल्या ओलाव्यावर जगते.

हे झाड दीर्घायुषी. नॉर्थ कॅरोलिना राज्यात ब्लॅक रिव्हर नावाच्या नदीकाठी याच जातीचे एक झाड शास्त्रज्ञांना सापडले. २०१९ साली त्यांनी त्याचे वय किमान २,६२४ वर्षे असल्याचे जाहीर केले. म्हणजे तथागतांनी सारनाथला पहिले प्रवचन दिले त्या वेळी ते झाड उभे होते! हे वाचले तेव्हा त्या झाडांकडे पाहण्याची आमची नजरच बदलली.

आता होडीबद्दल. तिला कयाक म्हणतात. एका किंवा दोघा माणसांपुरती अरुंद, हलकी होडी; दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे. आपल्या कोळी बांधवांच्या होडीत माणूस पाण्याच्या वर बसतो. कयाकमध्ये तो जवळजवळ पाण्याच्या पातळीलाच बसतो. काठावर जीवरक्षक जाकिटे चढवून आम्ही उभे राहिलो, आणि खरे सांगायचे तर आमचे पाय पुढे टाकवेनात. मुलगी म्हणाली, "अहो बाबा, पाणी कमरेएवढेसुद्धा नाही." तिला भीती कळेना, कारण ती शाळेत पोहायला शिकली. आम्हां दोघांनाही पोहता येत नाही.

आमच्याबरोबर तिथलाच एक वाटाड्या होता. सत्तरीच्या पुढचा, कृष्णवर्णीय, शांत स्वभावाचा गृहस्थ. त्याने विचारले, "तुमच्या गावी पाणी नव्हते का?" आम्ही म्हणालो, "पाणी होते, पण ते आमचे नव्हते." आणि मग त्या परक्या माणसाला आम्ही सांगितले की, आम्हां दोघांच्याही आया आपापल्या गावी विहिरीपासून दूर घागर ठेवून तासन् तास उभ्या राहात, कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओती. विहिरीच्या काठावर पाय ठेवायची सोय नव्हती, तिथे मुलांना पोहायला कोण शिकवणार? पाण्याजवळ जाऊ नकोस, मार खाशील, हेच बाळकडू. मार खाण्याची भीती पुढे कायद्याने कमी झाली, पण पाण्याची भीती अंगातच राहिली.

तो गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्या आजीनेही मला असेच वाढवले. आमच्या लहानपणी पोहण्याचा तलाव गोऱ्यांचा होता. मी सैन्यात गेल्यावर पोहायला शिकलो." एवढे बोलून त्याने आमची होडी हळूच पाण्यात ढकलली.

मित्रहो, पाण्यात पडल्यावर पहिला धडा मिळतो तो गप्प बसण्याचा. वल्हे आपटले की पाखरे उडतात. दोन-चार वेळा वल्हे मारावे आणि होडी वाहू द्यावी. झाडांमधून जलमार्ग आखलेले आहेत, त्यांना क्रमांक दिलेले आहेत, नाहीतर त्या जंगलात माणूस सहज चुकेल. आम्ही वाहत होतो, आणि पाखरे एकेक करून दिसू लागली.

पहिला दिसला तो मोठा निळा बगळा. आपल्या राखी बगळ्यासारखाच, पण त्याहून थोराड. उंची जवळजवळ चार फूट. एका गुडघ्यावर तो असा स्थिर उभा होता की आम्हांला प्रथम वाळकी फांदीच वाटली. आपल्या भाषेत बगळ्याची बदनामी फार. बकध्यान म्हणजे ढोंग, बगळाभगत म्हणजे लबाड. जातककथांतही एक बगळा माशांना फसवतो आणि शेवटी खेकड्याकडून मरतो. परंतु त्या दिवशी आम्ही घड्याळ लावून पाहिले. तो बगळा अकरा मिनिटे हलला नाही. मग मान विजेसारखी पुढे गेली आणि मासा चोचीत आला. आम्हांला वाटले, यात ढोंग ते कसले? तो पोटासाठी लक्ष देऊन उभा आहे. आपल्याला विपश्यनेत पाच मिनिटे एका जागी बसवत नाही!

त्यानंतर दिसला अ‍ॅनहिंगा, म्हणजे आपल्याकडील तिरंदाजाचा चुलतभाऊ. पोहताना त्याचे सारे अंग पाण्याखाली आणि फक्त नागासारखी मान वर. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जाते, याची पिसे मात्र भिजतात. म्हणूनच तो सहज बुडी मारू शकतो, आणि म्हणूनच त्याला बाहेर येऊन पंख पसरून उन्हात वाळत बसावे लागते. निसर्गात प्रत्येक सोयीची किंमत असते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. खंड्याही दिसला. तिकडच्या पट्टेवाल्या खंड्यात मादी नराहून अधिक रंगीत असते, तिच्या पोटावर तांबूस पट्टा असतो. मग वुड डक नावाच्या बदकांची जोडी. हे बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालते. पिल्ले एक दिवसाची झाली की आई खालून साद घालते, आणि ती इवलीशी पिल्ले उंचावरून बेधडक उडी मारतात. ते ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. एक दिवसाचे पिल्लू पाण्यात उडी मारते, आणि आम्ही साठी उलटल्यावर काठावर थरथरत होतो.

काही पाखरे तर ओळखीचीच निघाली. मोठा पांढरा बगळा आणि रातबगळा यांच्या जाती अमेरिकेत आणि महाराष्ट्रात एकच मानल्या जातात. मासे पकडणारा कैकर हा शिकारी पक्षीही तसाच. हिवाळ्यात तो आपल्या जलाशयांवर उत्तरेकडून येतो. आणि गायबगळ्याची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. तो मूळचा अमेरिकेतला नव्हेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतून अटलांटिक महासागर ओलांडून तो दक्षिण अमेरिकेत पोहोचला, आणि १९५३ साली फ्लोरिडात त्याचे घरटे आढळले. स्वतःच्या पंखांवर गेला, गुरांच्या मागे किडे टिपू लागला, आणि तिथलाच झाला.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. जलमार्गाच्या आडबाजूला काही झाडांवर बगळ्यांची वसाहत होती. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून परिचित झालेला सुंदर शब्द आहे, सारंगागार. ते सारंगागार होते. झाडे पांढरीशुभ्र झालेली, घरट्यांत पिल्लांचा कलकलाट. वाटाड्याने हात वर करून थांबण्याची खूण केली. पण आम्हांला मोबाईलवर फोटो हवा होता. आतापर्यंत भीती मोडली होती, अंगात थोडी धिटाई आली होती. आम्ही चार वल्ही जास्त मारली आणि झाडांखाली गेलो.

एकदम पंखांचा फडफडाट झाला. पन्नास-साठ बगळे एका वेळी उडाले. घरटी उघडी पडली. पिल्ले उन्हात माना वर करून ओरडू लागली, आणि कुठून तरी दोन कावळे येऊन वरच्या फांदीवर बसले. वाटाड्याने आवाज न चढवता एवढेच म्हटले, "मागे या. ते तुमच्यामुळे घरी परत येत नाहीत." आम्ही मागे आलो. दूर जाऊन थांबलो. तब्बल वीस मिनिटांनी शेवटचा बगळा घरट्यावर परतला. कावळ्यांनी काही नेले की नाही, ते आम्हांला दिसले नाही. पण त्या वीस मिनिटांची लाज अजून गेलेली नाही.

बंधुभगिनींनो, त्या वीस मिनिटांत मनात एक प्रश्न उभा राहिला. अंतर या शब्दाची आम्हांला जन्मापासून चीड. दूर हो, लांब उभा राहा, सावली पडू देऊ नकोस. हजारो वर्षे आपल्या वाडवडिलांना अंतरानेच मारले. आणि इथे तर अंतर राखणे हाच धर्म ठरत होता! मग चांगले अंतर कोणते आणि वाईट कोणते? विचार करता आम्हांला असे वाटले की, पाहावे ते अंतर कोणासाठी राखले जाते आहे. विहिरीवरचे अंतर बलवानाने दुबळ्यावर लादले होते, त्याचे पाणी हिरावण्यासाठी. सारंगागाराबाहेरचे अंतर बलवानाने स्वतःवर घालून घ्यायचे आहे, दुबळ्याचे घर टिकावे म्हणून. पहिल्यात तिरस्कार आहे, दुसऱ्यात मैत्री आहे. मैत्री याचा अर्थ धम्मात केवळ माणसांपुरता नाही. तो सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचतो, हे आपण रोज वंदनेत म्हणतो. त्याचा अनुभव मात्र आम्हांला त्या होडीत आला.

त्या तळ्याचा इतिहासही याच प्रश्नाने भरलेला आहे. कॅडो हे तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीचे नाव. १८३५ च्या कराराने त्यांची जमीन अमेरिकन सरकारने घेतली आणि अखेर त्यांना ओक्लाहोमात जावे लागले. तळ्याला नाव राहिले, माणसे राहिली नाहीत. पुढे वर्णभेदाच्या काळात टेक्सासच्या राज्य-उद्यानांची दारे कृष्णवर्णीयांना बहुतांशी बंद होती. २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने अशा भेदाला देशभर बंदी केली. पण कायदा आपोआप आला नाही. तळ्यापासून जवळच मार्शल नावाचे गाव आहे. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी १८७३ साली वायली कॉलेज स्थापन झाले. त्या कॉलेजात शिकलेल्या जेम्स फार्मर यांनी पुढे वंशसमतेसाठी संघटना उभारली आणि १९६१ च्या 'फ्रीडम राइड्स'चे, म्हणजे बसमधील वर्णभेद मोडणाऱ्या प्रवासाचे, नेतृत्व केले.

हे ऐकताना आम्हांला महाड आठवले नसते तरच नवल. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. तळ्यावर गुरे पाणी पीत, पाखरे पाणी पीत. माणसाला मात्र बंदी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सहकाऱ्यांसह त्या पाण्यापाशी गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, कोर्टकचेरी झाली, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली एका तळ्याला. म्हणून विद्यार्थ्यांनो, तळ्याकाठी निवांत बसून पाखरे पाहणे हा आपल्यासाठी श्रीमंतांचा छंद नाही. ते कोणीतरी लढून मिळवून दिलेले आहे.

पाखरांनाही कोणीतरी लढून जागा मिळवून दिली. त्या पांढऱ्या बगळ्यांच्या पाठीवर विणीच्या काळात रेशमासारखी लांब पिसे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती पिसे बायकांच्या टोप्यांत खोवण्याची फॅशन निघाली आणि त्यांचा भाव सोन्याच्या वर गेला. शिकारी नेमके विणीच्या काळात सारंगागारावर जात. आईबापांना मारीत आणि पिल्ले घरट्यात उपाशी मरत. १८९६ साली बोस्टनमध्ये हॅरिएट हेमेन्वे आणि मिना हॉल या दोन स्त्रियांनी याविरुद्ध इतर स्त्रियांना संघटित केले. त्या चळवळीतून ऑडुबॉन सोसायट्यांचे काम वाढले. १९०० मध्ये आणि पुढे १९१८ मध्ये पक्षीरक्षणाचे कायदे झाले. मघाशी सांगितलेले वुड डक एके काळी नाहीसे होण्याच्या बेतात होते. शिकारबंदी झाली, लोकांनी झाडांवर लाकडी खोकी घरटी म्हणून लावली, आणि ते सावरले. देवदत्ताने बाण मारलेल्या पाखराला सिद्धार्थाने मांडीवर घेतले ही कथा आपण मुलांना सांगतो. जीव घेणाऱ्याहून जीव राखणाऱ्याचा हक्क मोठा, हा त्या कथेतला न्याय या कायद्यांनी अमलात आणला, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. तळ्याच्या काठावर दुसऱ्या महायुद्धात स्फोटके बनवणारा सरकारी कारखाना उभारला गेला. १९८७ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार झाला. त्यानुसार १९८८ मध्ये याच कारखान्यात पर्शिंग क्षेपणास्त्रांची इंजिने सोव्हिएत निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत जाळण्यात आली. पुढे २००० साली त्या जागेवर वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. तो करार २०१९ मध्ये संपुष्टात आला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्या जमिनीवर बॉम्बची दारू भरली जात होती, तिथे आज पाखरे घरटी करतात, एवढे तरी खरे.

तळ्यावरचे संकट मात्र टळलेले नाही. २००६ साली तिथे साल्विनिया नावाची तरंगती वनस्पती आढळली. मूळची ब्राझीलची. अनुकूल हवेत ती आठवडाभरात दुप्पट होते, पाण्यावर जाड गोधडी पसरते, खाली ऊन पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. आणि मासे गेले की बगळे जातात. केरळात हीच वनस्पती आफ्रिकन पायल म्हणून शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. दोन्हीकडे तिच्यावर एकच उपाय केला गेला, ती खाणारा एक लहानसा भुंगा. सायप्रसचेही दुखणे आहे. त्याचे बी पाण्याखाली रुजत नाही, त्याला उघडा चिखल लागतो. बांधामुळे पाण्याची पातळी सतत एकसारखी राहिली तर जुनी झाडे उभी राहतात, पण नवी उगवत नाहीत. मोठी माणसे जिवंत आणि पाळणा रिकामा, अशी स्थिती.

हे ऐकून "अमेरिकेचे ते पाहतील" असे कोणी म्हणू नये. आपल्या नद्या-तलावांवर जलपर्णीची हिरवी चादर कोणी पाहिली नाही? सांडपाणी सोडणारे आपणच, आणि निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट टाकणारेही आपणच. कॅडो तळे १९९३ साली रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. आपले नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी याच यादीत आहेत. नांदूर मधमेश्वर हे तर महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, आणि त्याच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिथेच दाखवले. पाण्याचा प्रश्न धम्माच्या मुळाशी आहे. पाण्यावर हक्क मिळवणाऱ्या समाजाने पाणी राखण्यातही पुढे असले पाहिजे.

म्हणून शेवटी संस्थेपुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. पहिली, येत्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांची एक सहल नांदूर मधमेश्वरला न्यावी. खर्चाचा काही भाग आम्ही उचलू. मुलांनी वही न्यावी, पाखरांची नावे मराठीत लिहावीत, आणि थांबायला सांगितले तिथे थांबावे. दुसरी सूचना, संस्था दरवर्षी वह्या-पुस्तके वाटते, त्याबरोबर पाच-दहा मुलामुलींची पोहण्याच्या वर्गाची फी भरावी. विशेषतः मुलींची. पाण्याची भीती आमच्या पिढीबरोबर संपावी.

आम्ही दोघांनी परत आल्यावर नगरपालिकेच्या तलावावर सकाळच्या वर्गात नाव घातले आहे. प्रगती फारशी नाही. अजून कठड्याला धरूनच असतो. परवा तिथे आवाराच्या भिंतीवर एक पांढरा बगळा येऊन बसला होता. आम्ही त्याच्याकडे पाहिले, आणि जवळ गेलो नाही.



जयभीम! नमो बुद्धाय!